सामाईक कृतीत हात घालण्याचा अधिकार

एखाद्या सामाईक वस्तूत भर घालणे हे पुण्यकर्म होय, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. गावच्या विहिरीस पायऱ्या बांधून देणारा, देवळापुढे दीपमाळ उभारणारा, वाचनालयास कपाट देणारा, ह्यांचे नाव आपण आदराने घेतो. आणि ते योग्यही आहे. परंतु ज्याने देवळातील जुना दगडी चिरा उखडून तेथे चकचकीत फरशी बसविली, तोही आपल्या समजुतीने भरच घालीत होता. त्याने पैसा दिला, उन्हात उभे राहून काम करवून घेतले, भिंतीत आपल्या वडिलांच्या नावाची पाटी लावली. पुढल्या पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी साचू लागले, तेव्हा त्या चिऱ्याखालून पाणी वाहून नेणारी एक वाट होती, असे कोणा म्हाताऱ्यास आठवले. दात्यास जाब विचारावयास मात्र कोणी गेले नाही. दानाचा जाब विचारावयाचा नसतो, असा आपल्याकडील संकेत आहे.

मग सामाईक कृतीत हात घालण्याचा अधिकार मनुष्यास कशाने येतो? केवळ सद्हेतूने येतो म्हणावे, तर वरील दाता निर्दोष ठरतो. केवळ ज्ञानाने येतो म्हणावे, तर नवख्याने त्या वस्तूस कधीच हात लावू नये असे होईल. आणि हात लावल्यावाचून ज्ञान तरी यावे कसे? पाण्यात पडल्याखेरीज पोहता येत नाही हे खरे, पण येथे ज्या पाण्यात पडावयाचे ते सर्व गावाच्या पिण्याचे आहे.

हा प्रश्न आमच्यापुढे अलीकडे उभा राहिला, तो देवळाच्या निमित्ताने नव्हे, संगणकाच्या निमित्ताने. धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठच्या एका गावातील एक तरुण आमच्या परिचयाचा आहे. अभियांत्रिकीचे शिक्षण पुरे करून तो पुण्यास नोकरीस लागला. सणासुदीला गावी आला म्हणजे घरातील सारी माणसे निजल्यावर तो संगणक उघडून मध्यरात्र उलटेपर्यंत काही वाचीत व लिहीत बसे. एके रात्री वडील पाणी प्यावयास उठले आणि त्यांनी विचारले, "काय रे, एवढं जागरण करतोस, त्याचं मिळतंय काय?" मुलगा म्हणाला, "काही नाही, अण्णा." "मग सांगितलंय कुणी?" "कुणीच नाही." वडील क्षणभर थांबले व म्हणाले, "म्हणजे लष्कराच्या भाकऱ्याच की!" आणि जाऊन निजले. ही हकीकत त्या तरुणानेच आम्हास हसत हसत सांगितली. पण हसण्याखाली थोडी बोच होती, हे लपले नाही. कारण लष्कराच्या भाकऱ्या भाजणाऱ्याचे निदान एवढे तरी बरे की त्याच्या भाकऱ्या लष्कर खाते. ह्याच्या भाकऱ्या परत येत होत्या.

तो ज्या कामात गुंतला होता त्याचे नाव पोस्टग्रेस. हा एक डेटाबेस आहे; म्हणजे माहितीच्या अफाट नोंदी नीट लावून ठेवणारा, मागितली ती नोंद क्षणात काढून देणारा, आणि हजारो माणसे एकाच वेळी लिहू-वाचू लागली तरी गोंधळ होऊ न देणारा प्रोग्राम. 1986 साली अमेरिकेतील बर्कली येथील विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर ह्या प्राध्यापकाच्या हाताखाली त्याचा आरंभ झाला. विद्यापीठाने ते काम संपविल्यावर दोघा विद्यार्थ्यांनी त्यास नवे वळण दिले, आणि 1996 पासून जगभर विखुरलेल्या माणसांनी ते आपल्या अंगावर घेतले. त्याचा कोड, म्हणजे तो ज्या आज्ञांनी बनला आहे त्यांचा सारा लेख, कोणासही विनामूल्य वाचता, वापरता व बदलता येतो. अशा उघड्या ठेवलेल्या कोडास ओपन सोर्स म्हणतात. लिखाण दहा लाखांहून अधिक ओळींचे आहे. एवढा ग्रंथ कोणी एक मनुष्य संपूर्ण जाणीत असेल असे आम्हास वाटत नाही. जाणणारे आहेत ते आपापला अध्याय जाणतात.

आपल्या वाचकांपैकी पुष्कळांस संगणकाच्या पोटातील व्यवहारांत गोडी नसेल. परंतु ह्या प्रोग्रामचे वळण आपल्या ओळखीचे निघते, म्हणून दोन शब्द सांगतो. व्यापारी जशी आधी रोजकीर्द लिहितो व मग तीवरून खतावणी भरतो, तसाच हा प्रोग्राम प्रत्येक बदल आधी एका रोजनिशीत पक्का उतरवितो व मगच मुख्य वहीस हात लावतो; मध्येच वीज गेली तरी रोजनिशीवरून वही पुन्हा जुळविता येते. दुसरी गोष्ट आम्हास अधिक चित्तवेधक वाटली. एखादी नोंद बदलावयाची झाली तर हा जुनी ओळ खोडीत नाही. तो नवी ओळ निराळी लिहितो आणि जुनी तशीच राहू देतो. कारण त्याच क्षणी दुसरा कोणी ती जुनी ओळ वाचीत असेल, त्याच्या डोळ्यांखालून ती ओढून घेणे अन्यायाचे होईल. जुनी पाहणारा कोणीही उरला नाही अशी खात्री पटल्यावरच झाडलोट करणारा मागून येतो व तिची जागा मोकळी करतो. नव्याने जुन्यास कसे वागवावे, ह्याविषयी समाजसुधारणेवरील कित्येक व्याख्यानांत आम्हास इतका समंजस विचार आढळला नव्हता! असो.

अशा कृतीत नवख्याने भर घालावी कशी? आमच्या तरुणाचा पहिला प्रयत्न सुखाचा झाला. माहितीपुस्तकातील एक वाक्य संदिग्ध होते, ते त्याने सुधारून पाठविले. ते स्वीकारले गेले. आठ दिवस स्वारी आनंदात होती. मग त्याने मोठा हात मारला. एका विशिष्ट चुकीच्या वेळी प्रोग्राम जो संदेश देतो, तो वापरणाऱ्यास भलत्याच दिशेस नेतो, असे त्यास नोकरीतील कामात आढळले होते. त्याने पन्नासएक ओळी लिहिल्या, आपल्या संगणकावर चालवून पाहिल्या, आणि पाठविल्या. ह्या धंद्यात अशा दुरुस्तीस पॅच म्हणतात, म्हणजे शब्दशः ठिगळ. आमच्या मराठवाड्यात जुन्या लुगड्यांची वाकळ शिवतात. तिच्याकडे पाहिले म्हणजे ठिगळ हा शब्द निंदेचा का ठरला हे कळत नाही. पण वाकळ शिवणारी बाई ठिगळ लावण्यापूर्वी खालचा पदर चाचपून पाहते. जिथे पदर विरलेला आहे तिथे घातलेला टाका धरत नाही.

ठिगळ परत आले. एकाने विचारले, दोन माणसांनी हीच गोष्ट एकाच क्षणी केली तर तुमची दुरुस्ती कशी वागेल? दुसरा म्हणाला, हिची कसोटी कोठे आहे? तिसऱ्याने हाच प्रश्न कित्येक वर्षांपूर्वी चर्चिला गेल्याचे दाखवून दिले व त्या वेळचे आक्षेप वाचा असे सुचविले. तरुणाने ते वाचले, दुरुस्ती पुन्हा लिहिली, पुन्हा पाठविली. असे चार वेळा झाले. आठ महिन्यांनंतर जे उत्तर आले त्याचा आशय असा की, तुम्ही सांगता ती अडचण खरी आहे, परंतु तिचे मूळ तुम्ही हात घातला त्या ठिकाणी नाही. दुखते तेथे रोग नसतो, हे वैद्यास ठाऊक असते. पण रोग्याच्या वतीने धावून आलेल्या मनुष्यास ते ऐकणे जड जाते. दुरुस्ती घेतली गेली नाही.

त्याने हे आम्हास सांगितले तेव्हा आम्ही तेरला चाललो होतो. तेर हे धाराशिवजवळचे पुरातन नगर. ग्रीक व्यापाऱ्यांच्या लेखांत ज्याचे नाव तगर म्हणून येते ते हेच, असे पंडित मानतात. तेथील मातीतून निघालेल्या वस्तूंचे संग्रहालयही गावात आहे. पण आमच्या लोकांना तेर ठाऊक आहे ते गोरोबाकाकांचे गाव म्हणून. त्यांची समाधी तेथेच आहे. आणि गोरोबाकाकांची ती गोष्ट कोणास ठाऊक नाही? संतमंडळी जमली असता मुक्ताबाईने त्यांच्या थापटण्याकडे बोट दाखवून हे काय म्हणून विचारले. मडके कच्चे की पक्के ते ह्याने कळते, असे काका म्हणाले. मग आमची मडकी पाहा, असे म्हणताच ते उठले व एकेकाच्या मस्तकावर थापटणे मारीत चालले. सारे निमूट बसले. नामदेवांना मात्र ते सोसले नाही. ते रागावले, आणि हे मडके कच्चे असा निर्णय झाला. पुढे नामदेव औंढ्या नागनाथास विसोबा खेचरांकडे गेले, तेथे त्यांना गुरू लाभला.

ही गोष्ट आपण लहानपणापासून नामदेवांचा गर्व उतरला म्हणून ऐकत आलो. पण त्या दिवशी समाधीच्या ओट्यावर बसलो असता आम्हास तीत निराळे काही दिसू लागले. कुंभाराचे थापटणे काही केवळ परीक्षेचे हत्यार नव्हे. चाकावरून उतरलेले ओले मडके तो त्याच थापटण्याने ठोकून ठोकून वाढवितो, आणि ठोकताना दुसऱ्या हाताने आतून आधार दिलेला असतो. आधारावाचून ठोकले तर मडके बसते. म्हणजे घडविणे आणि पारखणे ही दोन्ही कामे एकाच लाकडाची. दुसरे असे की, कच्चे हा शब्द शिवी नव्हे. ती एक अवस्था आहे. भट्टीत जावयाच्या आधी जगातील प्रत्येक मडके कच्चेच असते. आणि तिसरी गोष्ट बोलू की नको असे वाटते, तरी बोलतो. जे निमूट बसले ते सारे पक्के होते, असे गोष्ट सांगते. संतांविषयी तसे मानण्यास आमची हरकत नाही. पण सामान्य मनुष्यांच्या सभेत निमूट बसणारे पुष्कळ वेळा केवळ भिडस्त असतात, आणि ज्यास थापटणे लागले असा एकटाच जो ओरडतो तोच पुढे औंढ्याची वाट धरतो.

आमच्या तरुणास ही फोड पटली नाही. तो म्हणाला, "काका, गोरोबाकाकांना मडकी घडवण्याचा अधिकार होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ज्यांनी माझी दुरुस्ती परत पाठवली त्यांना तो कुणी दिला?" प्रश्न योग्य होता, आणि त्याचे उत्तर त्यानेच दिले ते असे.

पोस्टग्रेसच्या मूळ लेखात प्रत्यक्ष फेरफार करण्याची मुभा साऱ्या जगात तीसएक माणसांनाच आहे. ह्यांची निवड कोणा राजाने केलेली नाही. वर्षानुवर्षे चांगले काम केलेल्यांतून ती होत आली आहे. इतर सर्वांनी आपल्या दुरुस्त्या उघड मांडावयाच्या, आणि कोणीही, अगदी कालचा नवखादेखील, त्यांवर आक्षेप घ्यावयाचा. आपल्या गावगाड्यात ज्यास फेरफार म्हणतात त्याची रीत वाचकांस ठाऊक असेल. जमिनीच्या हक्कातील बदल लोक अद्याप ज्यास तलाठी म्हणतात तो कारकून गाव नमुना सहामध्ये लिहितो, पण त्याने लिहिला म्हणून तो पक्का होत नाही. चावडीवर नोटीस लागते, हितसंबंधी लोकांस कळविले जाते, हरकतीस पंधरा दिवस मिळतात, आणि मग मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतो. हातलेखी सातबाऱ्याच्या काळात तोवर ती पेन्सिलीने लिहिलेली असे. ही दिरंगाई ज्याने खेटे घातले आहेत त्यास शिव्या द्याव्याशा वाटते. ज्याच्या चुलत्याने परस्पर नाव चढविले आहे तो मात्र त्या पंधरा दिवसांस दुवा देतो.

येथवर सारे ठीक. परंतु ह्या मंडळींचा एक नियम आम्हास सर्वांहून विचार करावयास लावणारा वाटला. वर्षातून पाच वेळा, प्रत्येकी एक महिना, साचलेल्या दुरुस्त्यांची सामुदायिक तपासणी चालते. त्या वेळी अपेक्षा अशी असते की, ज्याने आपली दुरुस्ती तपासावयास ठेवली त्याने तितक्याच अवघड अशा दुसऱ्या कोणाच्या दुरुस्तीची तपासणी करावी. म्हणजे पंक्तीत बसणाऱ्याने एक पंगत वाढावयाचीही आहे. वरवर पाहता ही केवळ कामाची वाटणी दिसते. तपासणारे थोडे, लिहिणारे पुष्कळ, म्हणून काढलेली युक्ती. पण नीतीच्या दृष्टीने हिच्यात फार मोठे शहाणपण आहे असे आमचे मत झाले. आपण लिहिलेले आपणास निर्दोषच दिसते. दुसऱ्याच्या लिखाणात दोष शोधू लागल्यावर मनुष्यास प्रथम कळते की दोष कोठे कोठे दडून बसतात. आणि मग तो घरी येऊन आपल्या लिखाणाकडे पाहतो तेव्हा तीच जागा काळी दिसू लागते. शिवाय दुसऱ्याचे तपासण्यात नाव मिळत नाही. तपासणाऱ्याचा उल्लेख शेवटी एका ओळीत होतो, झाला तर. कीर्तीच्या आशेने आलेल्यास येथून उठून जावेसे वाटते, आणि ज्यास ती कृती नीट राहावी असे खरोखर वाटते तो बसून राहतो.

आम्हास वाटते, आमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर ह्याच्या आसपास कोठेतरी असावे. अधिकार भर घालण्याने येत नाही. जे आपण केले नाही, पण जे बिघडले तर आपणास रात्री झोप येणार नाही, अशा गोष्टींची संख्या जसजशी वाढते तसतसा तो येतो. देवळातील फरशी बसविणाऱ्याच्या ठिकाणी कमी होती ती ह्याची. ती फरशी त्याची होती. देऊळ त्याचे नव्हते.

वाचनाचीही तीच गोष्ट. हा तरुण सांगतो की, पहिली दोन वर्षे त्याने लिहिण्यापेक्षा वाचण्यातच अधिक घालविली, आणि त्यातही कोडापेक्षा त्यातील टिपणे. नोंदी चटकन सापडाव्या म्हणून जी सूची करतात तिच्या प्रकरणाच्या आरंभी एक लांबलचक टिपण आहे. 1981 साली लेहमन व याओ ह्या दोघांनी प्रसिद्ध केलेल्या पद्धतीवर हे प्रकरण आधारलेले आहे, असे तेथे प्रथमच सांगितले आहे; आणि मग आम्ही मूळ पद्धती कोठे सोडली व का सोडली, हेही एकेक करून नमूद केले आहे. हे वाचताना आम्हास आपल्या सूत्र, भाष्य व वार्तिक ह्या परंपरेची आठवण झाली. भाष्यकार मुळापासून दूर सरतो तेव्हा ते झाकीत नाही. 1996 च्या जुलैपासून ह्या कोडात झालेला प्रत्येक फेरफार, तो कोणी केला व कशासाठी केला ह्यासह, आजही कोणास पाहता येतो. विचित्र दिसणारी एखादी ओळ काढून टाकावी असे नवख्यास वाटते; मागे जाऊन पाहावे तो पंधरा वर्षांपूर्वी कोणाचा तरी हिशेब बुडाला होता म्हणून ती तेथे आलेली असते. चिऱ्याखालच्या पाण्याच्या वाटेचीही अशी नोंद असती, तर म्हाताऱ्याच्या आठवणीवर विसंबावे लागले नसते.

ह्यावर कोणी म्हणेल, मग ग्रंथ पुरा झाला म्हणून त्यास कुलूपच का लावू नये? आपल्याकडे त्याचेही थोर उदाहरण आहे. ज्ञानेश्वरीच्या प्रती हातोहात उतरताना पाठ बिघडले, कोणी आपल्या ओव्या घुसडल्या. 1584 साली पैठणच्या एकनाथांनी पुष्कळ परिश्रम करून पाठ शुद्ध केला, आणि ह्यापुढे ह्यात कोणी आपली ओवी घालू नये असे निक्षून बजावले. स्वतः एवढा समर्थ कवी, पण त्या ग्रंथात त्याने आपले काही मिसळले नाही. स्वतःचे सांगावयाचे होते ते त्याने आपल्या भागवतात सांगितले. हा संयम पाहून मान लवते. परंतु काव्य आणि कोड ह्यांत भेद आहे. ज्ञानेश्वरी 1290 मध्ये सांगून पुरी झाली. तिच्यात भर घालणे म्हणजे दुसऱ्याच्या मुखी आपले शब्द घालणे. डेटाबेस कधी पुरा होत नाही. खालची यंत्रे बदलतात, वरच्या मागण्या वाढतात. कुलूप लावले तर चार वर्षांत तो कोणाच्या उपयोगी राहणार नाही. म्हणून येथे एकनाथांचा संयम हवा, पण त्यांचे कुलूप चालणार नाही. ही कसरत मोठी बिकट आहे.

ती किती बिकट, हे 2024 साली दिसून आले. पोस्टग्रेसचे नव्हे, एक्सझेड नावाच्या दुसऱ्याच एका उघड्या प्रोग्रामचे हे प्रकरण. तो सांभाळणारा बहुतांशी एकटा मनुष्य होता, थकलेला होता. जिआ टॅन ह्या नावाने कोणी एक मदतनीस पुढे आला. दोन वर्षांहून अधिक काळ त्याने विनम्रपणे, चिकाटीने, उपयुक्त काम केले. इतर काही अनोळखी नावे त्या थकलेल्या मनुष्यावर दडपण आणीत होती की, काम झेपत नसेल तर दुसऱ्याकडे सोपवा. अखेर मदतनीसाच्या हाती किल्ल्या आल्या, आणि त्याने त्या प्रोग्रामात जगभरच्या संगणकांत शिरण्याचे चोरदार बसविले. ते उघडकीस आणले अँड्रेस फ्रॉइंड ह्या गृहस्थाने, आणि तो पोस्टग्रेसच्या कामातला. पोस्टग्रेसच्याच वेगाची मोजणी करीत असता त्यास आपल्या यंत्रावर प्रवेश मिळण्यास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो असे दिसले. दुसरा कोणी ते सोडून देता. ह्याने सोडले नाही, माग काढीत गेला, व 29 मार्च रोजी सारे जाहीर केले.

ह्या प्रकरणाने आमच्या गोरोबाकाकांच्या गोष्टीसही एक बाक येतो, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तो मदतनीस थापटणे खाऊन ओरडला नव्हता. तो अगदी पक्क्या मडक्यासारखा वाजला. विनय, चिकाटी, सेवाभाव ही जी लक्षणे आम्ही नवख्याच्या ठिकाणी शोधतो, ती सर्व सोंगाने आणता येतात. तेव्हा मनुष्याच्या स्वभावावरून विश्वास ठेवावा, की प्रत्येक ओळ दर वेळी नव्याने तपासावी? दुसरा मार्ग निर्धोक खरा, पण तो चालविणार कोण? एकटा थकलेला मनुष्य? ज्यांनी त्याचा प्रोग्राम फुकट वापरला त्यांपैकी कितीजणांनी त्याचे ओझे हलके केले होते? चोराचा दोष चोराकडे आहेच. पण ज्या घराची राखण साऱ्या गावाने एका म्हाताऱ्यावर सोडली, तेथील चोरीत गावाचा काहीच वाटा नाही असे आम्हास म्हणवत नाही.

आणि येथे आमच्या तरुणाच्या वडिलांचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. त्याचं मिळतंय काय? पोस्टग्रेसच्या प्रमुख कार्यकर्त्यांपैकी पुष्कळजण आज त्याच कामासाठी कंपन्यांचा पगार घेतात. पुण्यातही असे लोक आहेत. त्यांच्या कामाचे मोल त्याने कमी होत नाही. पण जो दिवसा दुसरी चाकरी करून रात्री हे करतो, त्याच्यासाठी उघडे दार आणि पगारदारासाठी उघडे दार ही एकच नव्हेत. सारी चर्चा इंग्रजीत चालते. मराठी शाळेत शिकलेल्या मुलास आक्षेपाचा अर्थ कळतो, पण त्यातील सौजन्य की तुटकपणा हे कळत नाही, आणि तो बहुधा तुटकपणाच धरून चालतो. ज्ञानाची अट न्याय्य आहे. ती शिथिल केली तर कृती बुडेल. फुरसतीची व भाषेची अट मात्र कोणी घातलेली नाही, तरी ती आहे, आणि तिला ज्ञानाच्या अटीच्या पाठीमागे लपू देता कामा नये. भारत सरकारने 2015 साली सरकारी कामात अशा उघड्या प्रोग्रामांस प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. घ्यावयाचे धोरण झाले ते चांगले झाले. जे घेतले त्याची राखण करणारी माणसे आमच्या जिल्ह्यातल्यासारख्या कॉलेजांतून तयार व्हावी, त्यासाठी शिक्षकांना वेळ व विद्यार्थ्यांना आधार मिळावा, ह्याचाही विचार त्याच हिरिरीने व्हावा अशी आमची अपेक्षा आहे. आपल्या पूर्वजांनी ऋषिऋण म्हणून एक ऋण सांगितले आणि ते अध्ययनाने फिटते असे म्हटले. अध्ययनासही तेल लागते, दिवा लागतो, आणि पोटास भाकरी लागते. लष्कराच्या भाकऱ्या भाजणाऱ्याच्या घरी चूल कोण पेटविणार, हे अण्णांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही.

त्या परत आलेल्या दुरुस्तीचे पुढे काय झाले? काही महिन्यांनी दुसऱ्याच एका मनुष्याने रोगाच्या मूळ जागी उपाय केला. आमच्या तरुणाने तो वाचला, आणि आपल्या पन्नास ओळींपैकी एकही त्यात नाही हे पाहून आपणास वाईट वाटले नाही, ह्याचेच नवल वाटले, असे तो म्हणाला. त्यात त्याची एक कसोटी मात्र उचललेली होती.

गेल्या दिवाळीस तो आला तेव्हा पुन्हा रात्री जागत होता. ह्या वेळी तपासणी दुसऱ्या कोणाची होती. कोठल्या देशचा, किती वयाचा, काही ठाऊक नाही; लिखाणावरून नवखा दिसत होता. दुरुस्ती सुबक होती, मेहनत दिसत होती, आणि ती चुकीच्या जागी होती. दोन माणसांनी हीच गोष्ट एकाच क्षणी केली तर काय, हा विचार त्यात नव्हता. आमच्या तरुणाने उत्तराचा मसुदा तीन वेळा लिहिला व तीन वेळा पुसला. शेवटी त्याने आम्हास विचारले, "काका, चूक तर सांगितलीच पाहिजे. पण पहिलं वाक्य काय लिहू?" आम्ही विचार करू लागलो. अण्णा पाणी प्यावयास उठले होते. ते दारात उभे राहून ऐकत होते, त्यांनी विचारले, "त्या पोराची अडचण खरी हाय का?" "खरी आहे, अण्णा." "मग तेच आधी लिही की," ते म्हणाले, आणि तांब्या घेऊन आत गेले.